जर्मलचं पातेलं आणि बंदुकीचा सायलेन्सर

सायलेन्सर म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे मोटारसायकलची ती मागची लांबोडकी नळी. बुलेट चालवणारी पोरं ती बदलून घेतात, मध्यरात्री गल्लीतून फाडफाड करत जातात, आणि मग एखाद्या सकाळी पेपरात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचा फोटो येतो. दुसरा सायलेन्सर हिंदी सिनेमातला. खलनायक थंडपणे खिशातून एक नळकांडं काढतो, पिस्तुलाच्या तोंडाला फिरवून बसवतो, आणि 'फुस्स' असा आवाज होऊन समोरचा माणूस पडतो. शेजारच्या खोलीत पत्ते खेळणाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

हा दुसरा सायलेन्सर मी वयाच्या पासष्टाव्या वर्षी, माझ्या मुलीच्या टेक्सासमधल्या घरी, पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला. तोही सुटा करून, वर्तमानपत्रावर मांडलेला. ॲल्युमिनियमच्या लहान लहान वाट्या, मधोमध भोक असलेल्या, एकीत एक बसणाऱ्या. निरांजनांचा संच असावा तशा. सगळ्या काजळीनं काळ्याकुट्ट. आणि जावई जुना टूथब्रश घेऊन एकेक वाटी घासत बसलेले. सौभाग्यवतींनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि विचारलं, "काय हो हे? दिवाळी तर लांब आहे."

त्या वाट्यांची हकिगत पुढे बरीच लांबली. आमच्या घरातलं एक पातेलं आणि आमचा दीड वर्षांचा नातू दोघेही तिच्यात ओढले गेले. पण आधी त्या नळकांड्याचा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे.

हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हा मूळचा अमेरिकेतल्या मेन प्रांतातला, जन्म १८४० चा. पुढे इंग्लंडात गेला आणि १८८४ च्या सुमारास त्यानं पहिली खरीखुरी स्वयंचलित मशीनगन बनवली. एका गोळीच्या धक्क्याचाच उपयोग करून पुढची गोळी आपोआप भरायची, ही त्याची युक्ती. ती वापरून साम्राज्यांनी काय काय केलं ते जगानं पाहिलं. इंग्लंडनं त्याला १९०१ मध्ये 'सर' केलं. या गृहस्थाला मात्र स्वतःच्याच शोधाचा प्रसाद मिळाला: वर्षानुवर्षं तोफाबंदुकांच्या आवाजात राहून तो पार बहिरा झाला.

त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम, जन्म १८६९. बापानं जगाला सर्वांत भयंकर आवाज दिला आणि मुलानं तो आवाज बंद करण्याचं यंत्र काढलं! १९०९ साली त्याला अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. न्हाणीच्या टबातलं पाणी भोवऱ्यासारखं फिरत खाली जाताना पाहून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. गोळीमागून सुटणारा तप्त वायू सरळ बाहेर न सोडता नळीतल्या आडव्या पडद्यांमध्ये गरगर फिरवला, त्याला पसरायला आणि थंड व्हायला वेळ दिला, की त्याचा जोर उतरतो. मोटारीच्या सायलेन्सरचं तत्त्व यापेक्षा फार वेगळं नाही. खुद्द थिओडोर रूझवेल्ट यांच्या एका विंचेस्टर रायफलीला मॅक्झिमचा सायलेन्सर होता. याच पर्सी मॅक्झिमनं १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची मोठी संघटना स्थापन केली. एका हातानं आवाज दाबायचा आणि दुसऱ्या हातानं तो दूरवर पोचवायचा. माणूस मजेशीर असला पाहिजे.

सिनेमातलं 'फुस्स' मात्र साफ खोटं. लहानशा पॉइंट बावीस रायफलीचा आवाज कानाशी १४० डेसिबलच्या आसपास असतो, मोठ्या रायफलींचा १६० च्याही वर जातो. सायलेन्सर यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. म्हणजे मोठ्या रायफलीचा आवाज सायलेन्सर लावूनही कानाजवळ वाजवलेल्या हातोड्याइतका राहतोच. शिवाय गोळी आवाजापेक्षा जास्त वेगानं जात असेल तर हवेत तिचा स्वतःचा 'कडाक्' असा चाबूक वाजतो; त्याला कोणतीच नळी काही करू शकत नाही. नॉर्वेत शिकारी लोक कान वाचवायला आणि शेजाऱ्यांची झोपमोड टाळायला सर्रास सायलेन्सर वापरतात. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानं त्यावर दोनशे डॉलर कर बसवला. त्या काळी ही रक्कम चांगलीच जड होती आणि पुढे नव्वद वर्षं ती तेवढीच राहिली. २०२५ च्या कायद्यानं १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्य केला; नोंदणी, बोटांचे ठसे वगैरे सोपस्कार कायम. आणि आपल्याकडे? आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यात आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं साहित्यही येतं. म्हणजे नुसतं नळकांडं बाळगलं तरी कायद्याच्या दृष्टीनं ते शस्त्रच.

जावयांनी दोनशे डॉलर भरले होते. परवान्यासाठी कित्येक महिने थांबले होते. माणूस सरळ, संगणकातला, अंडं फोडतानाही दहा वेळा विचार करणारा. रविवारी मात्र रेंजवर जाऊन लोखंडी तबकड्यांवर नेम धरायचा. मला ते फारसं रुचलं नव्हतं. घरात लहान मूल आणि बंदूक, हे गणित माझ्या मनात अजूनही सुटत नाही. पण जावयाच्या घरी पाहुणा म्हणून राहणाऱ्या सासऱ्यानं कोणत्या विषयावर तोंड उघडावं याचे काही संकेत असतात. बंदूक कुलुपाच्या जड तिजोरीत असते, किल्ली कुणाकडे असते, गोळ्या वेगळ्या कुठे असतात, एवढं मी पाहून घेतलं. बँकेतली सवय.

बँकेवरून आठवलं. आमच्या शाखेत बारा बोअरची बंदूक होती. ती सांभाळणारे गार्ड फौजेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना 'मेजर' म्हणत, हुद्दा काहीही असो. शनिवारी अर्धा दिवस संपला, शटर अर्धं खाली आलं, की मेजर स्टेशनरीच्या खोलीबाहेर सतरंजी अंथरून बंदूक सोडवायचे. ओवायची दोरी, तिला बांधलेला फ्लॅनेलचा तुकडा, तेलाची बाटली. वर्षातून एकदा सराव म्हणून ती झाडली जाई तेवढीच, पण तेलपाणी दर शनिवारी. मी एकदा म्हणालो, "मेजर, झाडलीच नाही तर घाण कुठून होणार?" ते म्हणाले, "साहेब, झाडलेली बंदूक एकदा साफ केली की झालं. न झाडलेल्या बंदुकीला रोजची हवा खाते." मग थ्री-नॉट-थ्रीची गोष्ट सांगितली. तिच्या जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि एका रात्रीत गंज धरतो. तेल लावून तो निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून फौजेत नळीतून आधी उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडं पुसायचं आणि मग तेल. "घाण कसली आहे ते आधी कळलं पाहिजे," मेजर म्हणायचे.

त्या टेक्सासच्या गॅरेजमध्ये मला मेजरांची आठवण आली, कारण जावयांचा प्रश्न नेमका तोच होता. घाण कसली होती?

पॉइंट बावीसची गोळी बहुधा साध्या शिशाची असते, वर तांब्याचं कवच नाही. फार तर मेण किंवा तांब्याचा पातळ मुलामा. काडतुसाच्या कडेत भरलेल्या ठिणगीच्या मसाल्यातही शिशाचं संयुग असतं. म्हणजे प्रत्येक बारात थोडं शिसं गोळीवरून खरवडलं जातं, थोडं वाफ होऊन उडतं, आणि सायलेन्सरच्या वाट्यांवर काजळीबरोबर थर होऊन बसतं. तीनचारशे बारांनी वाट्या काळ्या होतात. हजारोंनी बार झाले आणि साफच केलं नाही, तर त्या नळीत अशा घट्ट बसतात की ठोकून बाहेर काढाव्या लागतात. मोठ्या रायफलींच्या सायलेन्सरात दाब आणि उष्णता इतकी असते की बरीच घाण आपोआप झडते. ते तर पुष्कळदा उघडताही येत नाहीत. बावीसचा मात्र उघडून घासावाच लागतो.

वाट्या पोलादाच्या असत्या तर घासणं सोपं. पोलाद काहीही सोसतं. पण पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं म्हणून ॲल्युमिनियम वापरतात, आणि ॲल्युमिनियम हा मोठा नाजूक जीव. हवा लागताच त्याच्यावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारी साय धरते, तीच त्याचं संरक्षण. ही साय आम्लानंही जाते आणि अल्कलीनंही जाते. म्हणजे लिंबू-चिंचही नको आणि सोडाही नको. कॉस्टिक सोड्यात टाकलं तर ते फसफसून विरघळूच लागतं. कारखान्यात विजेच्या साहाय्यानं ही साय जाड आणि कठीण करतात, त्याला ॲनोडायझिंग म्हणतात. पण तीही घासून किंवा तीव्र द्रावणानं निघून जाते. आणि एक वाटी बिघडली तर दुकानातून दुसरी आणता येत नाही. अमेरिकेच्या कायद्यात सायलेन्सरचा आतला भागही सायलेन्सरच मानला जातो, त्यामुळे बदली वाटी फक्त परवानाधारक कारखानदारच बसवू शकतो. एका वाटीपायी कागदपत्रं आणि महिने.

हे सगळं जावयांनी मला समजावून सांगितलं. सौभाग्यवती बाजूला नातवाला खेळवत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे जर्मल!"

तरुण वाचकांसाठी खुलासा: आमच्या पिढीच्या घरांत ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम कुणी म्हणत नसे. जर्मन, किंवा जर्मल. जर्मलचं पातेलं, जर्मलचा डबा. मांडणीवर पितळेला आणि तांब्याला मान, जर्मल कोपऱ्यात. स्वस्त, हलकं, गरिबाघरचं. एक काळ असा होता की ॲल्युमिनियम काढणंच इतकं महाग पडे, की १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर मोठ्या अभिमानानं ॲल्युमिनियमचा कळस बसवला होता! दोनच वर्षांनी विजेनं ते वेगळं करायची रीत सापडली आणि कळसाचं पातेलं झालं.

या पातेल्याचं रसायनशास्त्र आमच्या आयांना कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. पितळ चिंचेनं उजळतं, जर्मल नाही. जर्मलच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, कढी करायची नाही, लोणचं तर नाहीच. सोडा लावला की काळं पडतं. चुलीच्या राखेनं रोज घासलं तरी काळवंडतं, कारण राखेतही क्षारच. कुकरमध्ये पाण्याला लिंबाची फोड टाकली तर आतून काळा होत नाही, हेही त्यांनाच ठाऊक. तेवढं किंचित आम्ल काळेपणा कापतं. आमच्या लेकीनं पुण्याहून नेलेलं हिंडालियमचं पातेलं पहिल्याच आठवड्यात भांडी धुण्याच्या यंत्रात घातलं होतं. त्या यंत्राची पूड तीव्र अल्कली. पातेलं बाहेर आलं ते तव्यासारखं होऊन. त्यावर सौभाग्यवतींच्या आईचं नाव कोरलेलं आहे, त्यामुळे तो प्रसंग घरात अजून सांगितला जातो.

जावयांच्या एका मित्राचा सायलेन्सर पोलादी वाट्यांचा होता आणि त्याच्याकडे शिसं काढायचा एक जालीम उपाय होता. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मं निम्मं मिसळायचं आणि वाट्या त्यात बुडवून ठेवायच्या. शिसं बघता बघता पापुद्रे होऊन निघतं. एवढं लख्ख काम दुसरं कशानं होत नाही, असं तो म्हणे. त्या उपायाची एक बरणी त्यानं मोठ्या प्रेमानं आणूनही दिली होती. कडप्प्यासारख्या काळ्या फळीवर, गॅरेजच्या कोपऱ्यात, ती उभी होती. सौभाग्यवतींनी वास घेतला. "व्हिनेगर. म्हणजे आंबट. अहो जावईबापू, जर्मलला आंबट कसं चालेल?"

जावई हसले, ॲल्युमिनियमला ते चालत नाही हे त्यांना माहीत होतं आणि म्हणूनच बरणी तशीच पडून होती. पण खरा धोका वाट्यांना नव्हताच. पेरॉक्साइड शिशाला जाळतं आणि व्हिनेगर त्याचा क्षार बनवतं. तयार होतं ते लेड ॲसिटेट. हे पाण्यात विरघळतं, कातडीतूनही अंगात शिरतं, आणि चवीला गोड असतं. त्याचं जुनं नावच 'शिशाची साखर'. रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवून गोड पाक करत, तो याच जातीचा. म्हणजे मित्राकडून जी बरणी वापरून आली असती ती चविष्ट विषाची असती, आणि ती मोरीत ओतायची सोय नाही. घातक कचरा म्हणून नगरपालिकेच्या खास केंद्रावर नेऊन द्यावी लागते. ॲल्युमिनियमच्या वाट्यांना साधी रीत पुरते: टर्पेंटाइनसारख्या सौम्य द्रावणात किंवा तेलात रात्रभर भिजत ठेवा, नायलॉनच्या ब्रशनं घासा, चिवट पापुद्रा असेल तर लाकडी काडीनं उचला, पोलादी सुरी लावू नका, कोरडं पुसा, तेलाचं पुसट बोट फिरवा. लख्ख होत नाही. व्हायची गरजही नसते; पूर्ण लख्ख नसलेली वाटीही आवाज चांगलाच दाबते. ही गोष्ट मला फार आवडली. आपल्या घरांत भांडं चमकलं नाही तर घासणाऱ्याची अब्रू जाते.

मात्र या साध्या रीतीतही शिसं जातं कुठे? ब्रशवर, वर्तमानपत्रावर, बोटांवर, बाह्यांवर, फरशीवर. वाळल्यावर धूळ होतं. रेंजवरून येतानाच ते कपड्यांवर आणि बुटांच्या तळव्यांवर घरात येतं. त्यातून सायलेन्सर लावला की धूर मागे नेमबाजाच्या तोंडावर जास्त येतो. आणि त्या गॅरेजमधून स्वयंपाकघरात जायला एकच दार होतं, ज्यातून आमचा नातू दिवसातून चाळीस वेळा रांगत ये-जा करायचा.

जून महिन्यात त्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक छापील प्रश्नावली दिली. घर १९७८ पूर्वीचं आहे का? (त्या साली अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग बंद झाला.) घरात कुणाला नेमबाजीचा, मासेमारीच्या वजनांचा, रंगीत काचकामाचा छंद आहे का? परदेशातून आणलेले मसाले वापरता का? मुलाला काजळ घालता का? परदेशी भांडी वापरता का? लेकीनं पेन थांबवलं. अर्ध्याहून जास्त उत्तरं 'हो' होती. बोट टोचून रक्त घेतलं, आकडा आला सहा. टोचलेल्या बोटावरच धूळ असली तर आकडा फुगतो, म्हणून नसेतून पुन्हा घेतलं. पाच पूर्णांक दोन मायक्रोग्रॅम, दर डेसिलिटरला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२१ मध्ये लक्ष घालायची रेषा साडेतीनवर आणली आहे. मुलांच्या बाबतीत सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असं ते म्हणतात.

पाच पूर्णांक दोन हा काही इस्पितळात पळवायचा आकडा नव्हे. औषध नाही. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, उगम शोधा आणि बंद करा, लोह आणि कॅल्शियम भरपूर द्या, तीन महिन्यांनी या. मुलाला काहीही झालेलं दिसत नव्हतं. तो तिथेच डॉक्टरीणबाईंच्या स्टेथॉस्कोपची नळी चावत होता. शिशाचं हेच वाईट. ताप नाही, पुरळ नाही, रडणं नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठा माणूस दहावा हिस्सा शोषतो तर लहान मूल निम्म्यापर्यंत, आणि ते जातं वाढत्या मेंदूकडे. झालेलं नुकसान दहा वर्षांनी शाळेच्या बाकावर कळतं. तेव्हा कुणी त्याला शिसं म्हणत नाही, 'लक्ष लागत नाही' म्हणतात. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. तोवर रस्त्याकडेच्या घरांत आम्ही सगळेच ते हुंगत मोठे झालो, हे मला त्या दवाखान्यात बसून आठवलं.

घरी आल्यावर जे झालं ते सांगायला जड जातं. कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण लेक नवऱ्याकडे पाहत होती, नवरा सासूबाईंच्या काजळाच्या डबीकडे पाहत होता आणि सासूबाई गॅरेजच्या दाराकडे. काजळ घरचं होतं, तुपाच्या दिव्यावर धरलेलं. हळद मात्र सुटी, गावच्या बाजारातून आणलेली. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट मिसळल्याचे प्रकार आपल्या उपखंडात उघडकीला आलेले आहेत. सौभाग्यवती रात्री मला हळूच म्हणाल्या, "अहो, माझ्या हातून तर नाही ना झालं?" तेहतीस वर्षं मी लोकांच्या जामिनावर सह्या घेतल्या, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी तपासणी काढली. एका वहीत दोन रकाने: मूल कशाला हात लावतं, आणि ते तोंडात काय घालतं. तीन दिवस पाठीमागून फिरलो. गॅरेजच्या पायपुसण्यावर बसून बाबांच्या बुटांच्या नाड्या चोखणं हा त्याचा आवडता उद्योग निघाला. लेकीनं डोळे मिटून घेतले. जावयांनी त्याच संध्याकाळी बूट, पायपुसणं, ती काळी फळी, मित्राची बरणी सगळं बाहेर काढलं. बरणी अजून वापरलेली नव्हती, तरी ती परत दिली. कोरडा झाडू बंद. फरशी ओल्या फडक्यानं, फडकं एकदा वापरून टाकायचं. रेंजवरचे कपडे तिथेच बदलून पिशवीत, वेगळे धुवायचे. सफाई घराबाहेर, अंगणातल्या शेडमध्ये, रबरी हातमोजे घालून, आणि नंतर आधी थंड पाण्यानं साबण लावून हात धुवायचे. हे सगळं त्यांनी न सांगता केलं. मला त्या दिवशी माणूस आवडला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण ऑगस्टमध्ये लेकीनं फोनवर बातमी दाखवली. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं इशारा दिला होता: ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या काही आयात भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं, ती वापरू नका. ॲल्युमिनियम स्वतः निर्दोष. पण भंगार वितळवून भांडी ओतताना त्यात बॅटऱ्या, जोडकाम, कसलं कसलं शिसं मिसळून येतं. आणि आंबट पदार्थ ते बाहेर ओढतात. आमच्या पातेल्यात नातवाची मुगाची खिचडी शिजत होती, त्यात टोमॅटो.

सौभाग्यवती ते पातेलं हातात धरून बराच वेळ ओट्याशी उभ्या होत्या. त्यांच्या आईनं त्यात पन्नास वर्षं भात शिजवला होता. "आम्ही सगळी भावंडं यावर वाढलो, काय झालं आम्हाला?" त्या म्हणाल्या. मी गप्प बसलो. आमच्या पिढीतलं कुणाचं रक्त कुणी तपासलं होतं? पातेलं ओट्यावरून खाली उतरलं. हळदही कचऱ्यात गेली.

सप्टेंबरमध्ये पुन्हा रक्त घेतलं. दोन पूर्णांक आठ. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, वरून भर पडली नाही तर; त्या हिशेबानं आकडा जुळतो. लेकीनं दवाखान्यातच रडून घेतलं. हाडांत जे साठलं असेल ते राहील, वर्षभरानं पुन्हा तपासायचं आहे.

ऑडिटच्या भाषेत बोलायचं तर दोष कुणाचा हे सिद्ध झालं नाही. बूट, हळद, पातेलं, तिन्ही खाती तीन महिन्यांच्या आत बंद झाली, मग घट कुठल्या खात्यामुळे आली ते कसं कळणार? जावई मला एकदा म्हणाले, "बाबा, पातेलं प्रयोगशाळेत पाठवू या का? खर्च मी करतो." मी सौभाग्यवतींना विचारलं. त्यांनी मान हलवली. "नको. हळदीचं आणि बुटांचंही मग पाठवावं लागेल." मला यात शहाणपण दिसलं, आणि थोडी भीतीही.

आम्ही ऑक्टोबरात परत आलो. निघायच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये गेलो होतो, बागेची कात्री ठेवायला. वरच्या फळीवर, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, ते पातेलं होतं. बाहेरून काळं, कोरलेलं नाव तसंच. झाकण घातलेलं, त्यावर जाड शाईनं 'शिसं' असं लिहिलेली पट्टी, मराठीत. आत टर्पेंटाइनमध्ये वाट्या भिजत होत्या. जावई मागे येऊन उभे राहिले आणि जरा ओशाळून म्हणाले, "आईंनीच दिलं. म्हणाल्या, जर्मलला जर्मल, एकमेकांना लागणार नाही."